शिसमची उभी बासरी

तितिरमारे मास्तर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्चीचा पाय बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचे. मग नखानं जरासं खरवडायचे, नाक लावायचे आणि निकाल द्यायचे. "बिजा हाय." नाहीतर, "तुमाले सागवान म्हनून देल्लं, पर हाय ऐन." घरमालकाचं तोंड उतरायचं. मास्तरांच्या ते गावीही नसायचं. त्यांना लाकडाशी मतलब, माणसाची अब्रू त्यांच्या ध्यानात मागाहून यायची.

आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. अड्याळच्या बाहेर मिशनचा एक लहानसा दवाखाना होता आणि मी तिथे नर्स होते. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. शाळेत पाढे म्हणवून घेताना मास्तरांना खोकला आला आणि रुमालावर रक्त पडलं. रुमाल मुठीत धरून ते चालत आले, बाकावर बसले, बाक ठोकला आणि म्हणाले, "मोहाचं लाकूड दिसते, सिस्टर."

"तोंड बंद ठेवा आणि आडवे व्हा," मी म्हटलं.

"होतो ना बापा. घाई कोनाले हाय?"

हे त्यांचं पालुपद. बस सुटत असो, पोरांचा पेपर संपत असो, छातीतून रक्त येत असो, घाई कोनाले हाय. मला त्याचा भारी राग यायचा. मी काही गोड बोलणारी बाई नाही. रोज सुई टोचताना त्यांना सुनवायची, "मास्तर, तुम्हाला नसेल, रोगाला आहे." ते हसायचे आणि दुसऱ्या दंडाची बाही वर करायचे.

त्यांचा खरा जीव बासरीत होता. मूळचे ते दिघोरीचे. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. भर दिवसा जत्रा, खेळणीवाले, जिलेबीच्या कढया, आणि मधोमध मांडवात दंडार, म्हणजे गाणी, नाच, सोंगं, सगळं एकत्र. दिघोरीच्या दंडारीत गवळण म्हणायचा मास्तरांचा चुलतभाऊ दौलत आणि बासरी असायची मास्तरांची. गवळणीच्या शेवटी एक लांबच लांब सूर होता. तो मास्तर एका दमात ओढायचे आणि तोवर ढोलकीवाला हात वर धरून बसायचा. तो सूर ऐकायला पार लाखांदूरहून माणसं यायची, असं दिघोरीवाले सांगतात. दिघोरीवाले काय, काहीही सांगतात. पण सूर मोठा होता, यात शंका नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई परदेशी होत्या. त्यांना सगळा मुलूख मार्थाबाई म्हणायचा. मोडकं मराठी, पण बोलणं सुरीसारखं. त्यांनी मास्तरांच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि म्हणाल्या, "मास्तर, बासरी बंद. बासरी वाजेल तर रक्त येईल. आता पुन्हा रक्त येईल तर मी काही करू शकत नाही."

मास्तरांच्या शेजारी त्यांची बायको, अनुसयाबाई, उभी होती. सडपातळ, सावळी, दोन वाक्यांत काम भागवणारी बाई. तिनं विचारलं, "पुरी बंद?"

"पुरी," मार्थाबाई म्हणाल्या.

अनुसयाबाई घरी गेली आणि बासरी फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचून टाकली. तिच्यापुरता विषय संपला होता.

मास्तरांपुरता संपला नव्हता. वार्डात पडल्या पडल्या त्यांच्या कानावर दुसरंच काही येऊन राहिलं होतं. संध्याकाळी रोगी तपासून झाले की मार्थाबाई वऱ्हांड्यात बसून उभी बासरी वाजवायच्या. तिला रेकॉर्डर म्हणतात. पण रेकॉर्डर म्हटलं की आमच्याकडे लोकांना टेप आठवायचा, म्हणून आम्ही सगळे उभी बासरीच म्हणायचो. आपल्या पाव्याची गोरी बहीण. मास्तर उशीवर कोपर टेकून बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचे.

"सिस्टर, बाईचे गाल पायले काय? फुगतच नाही. तिले दम लागतच नाही."

खरं होतं ते. आडव्या बासरीत फुंकर छिद्रावरून जाते, अर्धी वाऱ्यावर उडते. उभीत तोंडाशी एक अरुंद फट असते. फुंक तिच्यातूनच जाते, काही वाया जात नाही. हे मार्थाबाईंनीच त्यांना पुढे समजावलं, कारण मास्तर विचारून विचारून त्यांचं डोकं खायचे. औषधाचा सगळा कोर्स संपला, वजन वाढलं, तेव्हा बाई एकदा म्हणाल्या, "ही चालेल. थोडी थोडी. लहान असेल तर." मास्तरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कुठल्या औषधानं आलेलं पाहिलं नव्हतं. अनुसयाबाईच्या चेहऱ्यावर आलं ते मात्र वेगळं होतं.

पुढे मार्थाबाईंची मायदेशी परत जायची वेळ आली. सामान आवरलं, जीप अंगणात लागली, आणि त्यांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर आले, मागोमाग अनुसयाबाई. तपासणीच्या टेबलावर पांढरी चादर घातली होती आणि तिच्यावर तीन बासऱ्या होत्या. "एक तुमची," बाई म्हणाल्या. "निवडा."

पहिली वीतभराहून थोडी मोठी, पांढुरकी, मॅपल नावाच्या तिकडच्या लाकडाची. दुसरी तिच्या दीडपट, तांबूस, नाशपातीच्या लाकडाची. तिसरी मास्तरांच्या बोटापासून कोपरापर्यंत भरेल त्याहूनही लांब, काळपट, अंगावर जांभळ्या रेषा. तिसरी बघताच मास्तरांनी बाकीच्यांकडे पाहणं सोडलं. उचलली, ठोकली, नखानं खरवडणार तेवढ्यात मार्थाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"शिसम हाय," मास्तर म्हणाले. "आपलं शिसम. आपल्या जंगलातलं इतक्या दूर जाऊन आलं."

"इंडियाचं आहे, हो. पण मास्तर, ऐका." बाईंनी लहान बासरी त्यांच्या हातात दिली. "ही लहान. फुंक कमी. बोटं जवळ जवळ. तुमची छाती हिला पुरेल."

मास्तरांनी वाजवली. आवाज नितळ आला, पण बारीक. त्यांनी गवळणीची पहिली ओळ काढली आणि मध्येच थांबले. "चिमनीवानी बोलते बाई. दौलतची गवळन म्हनजे बाप्याचा गळा. चिमनी अन् बैल एका जुवाले कसे जुंपू?"

मधली घेतली. ती बरी बोलली, मऊ. त्यांनी तिच्या अंगावर हात फिरवला, उजेडात फिरवली. "हे लाकूड पानी पिते काय?"

"पिते," बाई म्हणाल्या. "मॅपल पण पिते, ही पण. तुमच्या पावसात दोन्ही फुगतात, आवाज रुसतो. उन्हाळ्यात सुकतात. शिसम घट्ट आहे, ते टिकतं. पण शिसम मोठीच आहे. लहानीत माझ्याकडे शिसम नाही."

आता खरी पंचाईत झाली. छाती म्हणत होती लहान घ्या. कान म्हणत होते मोठी. आणि आमच्या झाडीपट्टीतला पाऊस अन् मे महिन्याचं ऊन, दोघं मिळून म्हणत होते शिसम. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. नागपूरची गाडी गाठायची होती. मार्थाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"लहान घ्या," अनुसयाबाई म्हणाली.

मास्तरांनी मोठी तोंडाला लावली. खालची भोकं एकमेकांपासून दूर, करंगळी ताणून ताणून पांढरी पडली. पहिल्या फुंकेला नुसती हवा गेली. दुसऱ्या फुंकेला सूर आला आणि खोलीत आम्ही सगळेच हललो, कारण तो त्यांच्या बासरीचा सूर होता, आढ्याला खोचलेल्या. ओळीच्या शेवटापर्यंत तो काही पोचला नाही. मास्तर खोकले. मी पुढे झाले. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, काढला, बघितला. कोरा होता.

"लहान घ्या म्हनलं ना म्या," अनुसयाबाई पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज चढला होता.

"एवढी घाई काहून करून राहिली तू?" मास्तर म्हणाले. बासरी त्यांनी काखेत धरली होती. भोंगा पुन्हा वाजला. मार्थाबाईंनी एक सुस्कारा टाकला आणि निवड झाली असं सगळ्यांना कळलं.

जाता जाता बाईंनी निगा सांगितली. नवी नवी रोज थोडाच वेळ वाजवायची. आतून जवसाचं तेल पिसानं लावायचं, जरासंच. "पण इथे नाही," आणि तोंडाशी असलेल्या फटीवर बोट ठेवलं. "आत देवदाराचं बूच आहे. त्याला तेल लागलं की बासरी मुकी होते." बासरी तीन तुकड्यांची होती. डोकं, धड आणि पाय असे सुटे करून त्यांनी फडक्यात बांधून दिले. मास्तर ऐकत नव्हते, लाकडाचा वास घेत होते. अनुसयाबाई नीट ऐकत होती.

त्यानंतरचे महिने मी त्यांच्या शेजारी काढले. दवाखान्याच्या क्वार्टरला लागूनच त्यांचं भाड्याचं घर. शाळा सुटली की बासरी सुरू व्हायची. लोक म्हणायचे, काय गोड वाजवतात मास्तर. मला गोडबिड काही कळायचं नाही, मी खोकल्याकडे कान लावून असायची. अनुसयाबाई चुलीपुढे बसून तांदळातले खडे वेचायची, आणि बासरी थांबली की तिचेही हात थांबायचे. पुढे खोकला आला नाही की परत वेचायला लागायची. जड शिसमनं मास्तरांचा अंगठा दुखायचा म्हणून तिनंच बासरीला गळ्यात अडकवायची दोरी विणून दिली होती. रागही तिचाच, दोरीही तिचीच.

दिवाळी जवळ आली. दौलत येऊन सांगून गेला की दादा, यंदा मंडईत बसाच. मास्तर हाव म्हणाले. त्या दिवसापासून ते शेवटचा लांब सूर धरायला लागले. धरायचे, तुटायचा. पुन्हा धरायचे. भिंतीपलीकडून ते ऐकणं म्हणजे शिक्षा होती.

आणि एका संध्याकाळी बासरी मुकी झाली. नुसतं फस्स. मास्तरांनी पुसली, उन्हात धरली, सगळं केलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी अनुसयाबाई धावत दवाखान्यात आली. ही बाई धावताना मी कधी पाहिली नव्हती.

"सिंधूताई, म्या तेल ओतलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या फटीत. जवसाचं. बाईनं बोट ठेवून दाखवलं होतं ना, तेथीच. मले बासरी नको ताई, मले मानूस पायजे. मले वाटलं मुकी झाली का बसतीन चूप. अन् आता त्याईनं आढ्याची काढली."

ही शक्यता तिच्या डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही. आम्ही दोघी तशाच निघालो. मास्तर ओसरीवर बसले होते. मांडीवर जुनी आडवी बासरी, धूळ पुसून लख्ख केलेली. ओठ ओले करून ती तोंडाला लावायच्या बेतात होते.

अनुसयाबाई अंगणातूनच म्हणाली, "ठेवा ते खाली. शिसमले काही झालं नाही. म्या तेल ओतलं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हात उगारतात. माणूस शांत असला तरी शेवटी माणूस. त्यांनी जुनी बासरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "थोडं नाही ना, गुंडभर ओतलं दिसते."

"हाव."

"बूच काढा लागंल. रिठे हायेत घरी?"

ते बूच काढताना मी पाहिलं आणि एखाद्या अवघड बाळंतपणात धरते तसा श्वास धरून बसले. मार्थाबाईंनी त्याला तेलही लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. वाकडं निघालं किंवा चिरलं तर बासरी कायमची गेली, आणि ती गेली की मग मास्तरांना आढ्याचीच उरली. डोक्याचा तुकडा अनुसयाबाईनं दोन्ही हातांत घट्ट धरला. मास्तरांनी आतून एक गुळगुळीत काठी टेकवली आणि वरून लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकलं. काही हललं नाही. पुन्हा ठोकलं. तुकडा तिच्या पकडीत जरा सरकला.

"हालू नको," ते म्हणाले. "घाई कोनाले हाय?"

तिसऱ्या ठोक्याला बूच तिच्या मांडीवर पडलं, अख्खं. तिनं ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं, फडक्यानं टिपलं, सावलीत वाळवलं. परत बसवल्यावर बासरी बोलली. आवाज जरा घोगरा झाला होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

त्याच ओसरीवर त्यांचा करार झाला, मी साक्षीला. बासरीचं डोकं अनुसयाबाईकडे राहील, धड अन् पाय मास्तरांकडे. ती देईल तेव्हा वाजवायचं, ती मागेल तेव्हा परत करायचं. आणि मंडईत ती समोर उभी राहील. तिनं पदर डोक्यावर घेतला की, सूर कुठंही असो, बासरी खाली.

दिघोरीच्या मंडईला मी रजा काढून गेले. पिशवीत इंजेक्शनं, बर्फ, सगळं घेऊन. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दौलतनं गवळण सुरू केली, मास्तरांची शिसम त्याच्या आवाजाखालून निघाली, आणि म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून माना हलवायला लागली. अनुसयाबाई खांबाला टेकून उभी होती. डोकं उघडं, पदर मुठीत. मी गवळण ऐकलीच नाही, मी ती मूठ बघत होते.

शेवटचा सूर आला. ढोलकीवाल्यानं हात वर धरला. मास्तरांनी सूर धरला, तो वाढला, अजून वाढला, त्यांच्या गळ्याच्या शिरा वर आल्या, कपाळ काळंनिळं झालं. आणि अनुसयाबाईनं पदर डोक्यावर घेतला.

मास्तरांनी तो पाहिला. एक क्षण त्यांनी डोळे मिटले. मग बासरी खाली घेतली. सूर अर्ध्यात तुटला आणि सगळा मांडव चूप. दौलत हुशार गडी, त्यानं तुटल्या जागेपासून नुसत्या गळ्यानं पुढे नेलं आणि ढोलकीवर थाप पडली. लोकांना वाटलं यंदा असंच बसवलं आहे. पुढच्या साली दुसऱ्या गावच्या दंडारीवाल्यांनी तशी नक्कलही केली म्हणतात. मी मांडवामागे जाऊन मास्तरांचा रुमाल बघितला. पांढरा होता. अनुसयाबाईनं आपला हात पुढे केला, मास्तरांनी बासरीचं डोकं काढून तिला दिलं, आणि ती जिलेबी घ्यायला गेली.

पुढे मास्तरांनी दिघोरीला बदली करून घेतली. मी अधूनमधून जायची. संध्याकाळचा तो खेळ मी कितीदा पाहिला. अनुसयाबाई डोकं रोज नव्या जागी दडवायची, धानाच्या ढोलीत, लुगड्याच्या घडीत, कधी गोठ्यात.

"डोकं देता का बाई?" मास्तर विचारायचे.

"तुमाले डोकं असतं तं लहान नसती घेतली?" म्हणत ती काढून द्यायची. आणि पदर डोक्यावर गेला की मास्तर मुकाट्यानं परत करायचे. या हिशेबानं त्यांच्या छातीनं कितीतरी वर्षं काढली. जे टिकतील असं मी धरलं नव्हतं ते मास्तर टिकले.

गेली ती अनुसयाबाई. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ताप डोक्यात गेला आणि बोलता बोलता संपलं. मी तेव्हा भंडाऱ्याला होते, निरोप उशिरा मिळाला. मी दिघोरीला पोचले तेव्हा धानाची कापणी सुरू होती आणि घरात मास्तर एकटेच. ओसरीवर बसले होते, गळ्यात तिनं विणलेली दोरी, दोरीला शिसमचं बिनडोक्याचं धड.

"डोकं कुठे आहे?" मी विचारलं.

"ठेवलं असंल तिनं कोठीतरी."

"शोधलं नाही?"

"नाही."

"मास्तर, घर केवढंसं आहे. चला, मी शोधून देते." मी उठले सुद्धा. त्यांनी माझा हात धरून मला बसवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

"राहू द्या सिस्टर. घाई कोनाले हाय? सापडंल तं वाजवा लागंल. अन् वाजवाले बसलो तं पदर कोन घेईल?"

चहा मीच केला, दोघांनी घेतला, बसची वेळ झाली. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. मास्तरांची बोटं त्या मुक्या लाकडावर चालत होती. गवळणच होती, इतकं आता मलाही कळत होतं. ओठ मिटलेले, श्वास संथ. बोटं शेवटच्या लांब सुरापाशी आली, भोकांवर घट्ट बसली, आणि अर्ध्यातच थांबली. मास्तरांनी मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग धड मांडीवर ठेवलं आणि दोरी नीट गुंडाळायला लागले.